खाणीचा गाळ, कुळागरातले तांबे आणि संस्कारित बायोचार: दूषित माती सावरण्याची पद्धत

बायोचार, म्हणजे अपुऱ्या हवेत भाजून केलेला तूस-काटक्यांचा कोळसा, मातीतून जड धातू काढून टाकत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. शिसे, कॅडमियम, तांबे ही मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत, जळत नाहीत आणि जिवाणूंनी खाऊन संपतही नाहीत. पाण्यात विरघळून मुळांपर्यंत पोचणारा धातूचा जो अंश असतो, तो बायोचार आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो किंवा न विरघळणाऱ्या क्षारात अडकवतो. त्यामुळे प्रक्रियेनंतर प्रयोगशाळेत एकूण शिसे मोजले, तर आकडा जवळजवळ तोच येतो. घटते ते पिकाला उपलब्ध होणारे शिसे. ज्याच्या हे लक्षात आलेले नसते, तो पहिला अहवाल हातात पडताच सगळा खटाटोप वाया गेला असे समजतो.

गोव्यात हा प्रश्न तीन वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या भागांत लोहखनिजाच्या डंपांवरून वाहून आलेला तांबडा गाळ भातशेतीत बसलेला आहे. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, पण डंप जागेवरच राहिले आणि पाऊस काही थांबला नाही. या गाळात मुख्यतः लोह आणि मँगनीज असते. दुसरे रूप कुळागरांतले, म्हणजे सुपारीच्या बागांतले आहे. सुपारीच्या कोळेरोगावर पिढ्यानपिढ्या बोर्डो मिश्रण फवारले जाते. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), म्हणजे दर शंभर लिटरमागे सुमारे 250 ग्रॅम तांबे, आणि त्यातले बरेचसे शेवटी झाडाखालच्या मातीत उतरते. तिसरे रूप भंगाराचे अड्डे, जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागा आणि रंग खरवडण्याच्या जागा यांच्या आसपासचे, जिथे शिसे मिळण्याची शक्यता असते. या तिन्ही ठिकाणी एकच काळी भुकटी टाकून भागत नाही, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात.

आधी गाळ अडवावा

दर पावसाळ्यात नवा गाळ येत असेल, तर बायोचारला हात लावण्याआधी तो अडवण्याची सोय करावी. शेताच्या वरच्या अंगाला, ओहोळाचे पाणी जिथून आत शिरते तिथे, पाणी काही वेळ थबकेल असा खड्डा खणावा, त्याच्या पुढे दगडांची आडवी ओळ रचावी आणि मेर (शेताचा बांध) उंच करून घ्यावी. खड्ड्यात साठलेला गाळ पावसाळ्यात दोन-तीनदा उपसावा लागतो, आणि तो पुन्हा मेरेवरच टाकण्याचा मोह टाळावा लागतो. शेतात आधीच चार बोटे जाडीचा गाळाचा थर असेल, तर तो जमेल तितका खरवडून काढणे हे कोणत्याही बायोचारपेक्षा स्वस्त आणि परिणामकारक ठरते.

नमुना कसा घ्यावा

कापणी झाल्यावर आणि खत घालण्यापूर्वी नमुना घ्यावा. शेतात नागमोडी चालत दहा ते पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा 15 सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंतची पातळ चकती घ्यावी. गंजलेले खोरे किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरल्यास लोह आणि जस्ताचे आकडे बिघडतात, म्हणून लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुरपणी आणि प्लॅस्टिकची बादली वापरावी. सगळी माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्ध्या किलोपर्यंत आणावी आणि सावलीत वाळवावी.

जिथे पाणी शिरते तो कोपरा, शेताचा मध्य आणि ज्यात गाळ कधीच गेलेला नाही असे जवळचे उंचावरचे शेत, असे तीन स्वतंत्र नमुने घ्यावेत. तिसरा नमुना बहुतेक जण टाळतात. पण गोव्याच्या जांभ्या मातीत लोह मुळातच भरपूर असते, त्यामुळे तुलनेला स्वच्छ शेत नसेल तर खाणीने किती आणले आणि निसर्गाने किती दिले हे कधीच कळत नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबून राहू नये. तिच्यातल्या बारा घटकांत लोह, मँगनीज, तांबे आणि जस्त आहेत, पण ते कमतरता ओळखण्यासाठी आहेत. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि क्रोमियम तिच्यात नाहीतच. लोह पुरेसे आहे असा शेरा विषबाधेच्या उंबरठ्यावरच्या शेतालाही मिळू शकतो. म्हणून प्रयोगशाळेकडे तीन गोष्टी स्पष्टपणे मागाव्यात: आम्लात विरघळवून मोजलेला एकूण धातू, उपलब्ध धातू, आणि मातीचा सामू (पीएच). उपलब्ध धातूसाठी डीटीपीए (धातू बांधून घेणारे एक रसायन) पद्धत सर्वत्र वापरली जाते. ती मुळात उदासीन आणि चुनखडीच्या मातीसाठी बसवलेली आहे, त्यामुळे आपल्या आम्ल मातीसाठी 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणातही मोजणी करून घेता आली तर ती अधिक बोलकी ठरते. पद्धत कोणतीही असो, आधी आणि नंतर तीच हवी.

कोणत्या धातूला कोणता संस्कार

साधा, म्हणजे चुना, लोह वगैरेंचा संस्कार न केलेला बायोचार हा बहुधा अल्कधर्मी असतो आणि त्याचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल आणि मँगनीज मातीच्या पाण्यात धनभारित आयनांच्या रूपात असतात, म्हणून ते त्याला चिकटतात. शिवाय सामू वाढला की ते कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. आर्सेनिक आणि सहा संयुजेचे क्रोमियम मात्र ऋणभारित रूपात वावरतात. त्यांच्या बाबतीत साधा बायोचार कुचकामी ठरतोच, पण आर्सेनिकच्या बाबतीत तो घातकही ठरतो: सामू वाढल्याने आणि कोळशातून आलेल्या फॉस्फेटमुळे मातीच्या कणांवर बसलेले आर्सेनिक सुटे होते. म्हणजे शिसे दाबण्यासाठी घातलेला कोळसा आर्सेनिक मोकळे सोडू शकतो. तपासणीत दोन्ही निघाले, तर घाई न करता लोहसंस्कारित बायोचारची कुंडीत चाचणी करूनच पुढे जावे.

खाणीच्या गाळाच्या भातशेतीसाठी चुन्याचा संस्कार योग्य. पाणी साचून राहिले की मातीतला प्राणवायू संपतो, लोह आणि मँगनीज विरघळणाऱ्या रूपात येतात, आणि भाताच्या जुन्या पानांवर टोकाकडून खाली तांबूस ठिपके पसरत जातात. इथे भाताच्या तुसाचा बायोचार उपयोगी पडतो. त्यातला सिलिका मँगनीज आणि लोहाचा ताण सोसायला पिकाला मदत करतो. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे, तर या प्रकारात निम्मे काम चुनाच करतो, म्हणून नुसत्या चुन्याची तुलना केल्याशिवाय बायोचारवर पैसा घालू नये.

कुळागरातल्या तांब्याला सेंद्रिय पदार्थांच्या आम्लगटांशी घट्ट बांधले जाण्याची ओढ असते. त्यामुळे तिथे रासायनिक संस्काराची गरज नाही. कोळसा शेणखतात किंवा कंपोस्टच्या ढिगात दोन-तीन महिने मुरवावा. या काळात त्याचा पृष्ठभाग ऑक्सिडीकृत होतो आणि तांबे धरणाऱ्या गटांची संख्या वाढते. शिशासाठी फॉस्फेटचा संस्कार सर्वांत टिकाऊ, कारण शिसे आणि फॉस्फेट मिळून पायरोमॉर्फाइट नावाचे अत्यंत कमी विरघळणारे खनिज बनते. पोटॅशियम परमँगनेटने केलेला मँगनीज संस्कार कॅडमियम आणि शिशासाठी प्रभावी आहे, पण ज्या मातीत मँगनीजच जास्त आहे तिथे तो नको. शिवाय परमँगनेट कोरड्या कोळशाशी मिसळणे आगीला आमंत्रण आहे. पाऱ्यासाठी गंधकाचा आणि इतर कामांसाठी तीव्र आम्लांचा संस्कार प्रयोगशाळेतच राहू द्यावा.

कोळसा तयार करणे

गोव्यात कच्चा माल विपुल आहे: तूस, करवंट्या, नारळाची सोडणे, सुपारीच्या फोली (साली), बागेतली छाटणी. काजूच्या टरफलांबाबत मात्र सावध राहावे. त्यातले तेल कातडी भाजून काढते आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. तेल काढून घेतलेली पेंड मिळाली तरच ती वापरावी. रंगवलेले, वार्निश केलेले किंवा औषध मुरवलेले लाकूड अजिबात घेऊ नये, कारण त्यातला धातू थेट आपल्या कोळशात उतरतो. दूषित शेतातला पेंढाही याच कारणासाठी वर्ज्य.

करवंट्या आणि काटक्यांसाठी शंकूच्या आकाराचा खड्डा पुरतो: वर दीड मीटर रुंद, खाली निमुळता, पाऊण मीटर खोल. तळाशी जाळ पेटवून माल थराथराने टाकावा. आधीच्या थरावर राखेची पांढरट साय दिसू लागली की पुढचा थर. वरची ज्वाळा प्राणवायू खाते आणि खालचा कोळसा वाचतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवावा. ओल्या मालाने धूर होतो आणि कोळसा अर्धवट राहतो, म्हणून करवंट्या चांगल्या कडकडीत वाळलेल्या हव्यात. कोरड्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतका कोळसा हाती येतो.

तूस असे जळत नाही. त्यासाठी भोके पाडलेला पत्र्याचा डबा उपडा ठेवून त्यावर धुराडे बसवावे, डब्याखाली जाळ करावा आणि भोवती तुसाचा ढीग रचावा. आतून बाहेर काळेपणा सरकत येतो. ढिगाच्या पृष्ठभागावर काळे डाग उमटू लागले की खोऱ्याने ढीग सतत परतावा, आणि सगळे काळे झाले की लगेच पसरून पाणी मारावे. दहा मिनिटे गप्पा मारत बसलो, तर ढीग करडा होतो, म्हणजे कार्बन जाऊन राख उरते. चांगल्या तुसाचा सुमारे तिसरा भाग कोळसा मिळतो.

तयार कोळशाची परीक्षा सोपी आहे. करवंटीचा कोळसा फरशीवर टाकल्यास काचेसारखा खणखणतो. चिमूटभर भुकटी बोटांवर चोळून नुसत्या पाण्याने धुवावी. डाग सहज गेला तर कोळसा पूर्ण झाला, तेलकट काळेपणा राहून साबण लागला तर त्यात डांबरासारखे अवशेष आहेत. मग एका वाटीत ओल्या कोळशावर मेथीचे पंचवीस दाणे आणि दुसऱ्या वाटीत साध्या मातीवर तितकेच दाणे टाकावेत. कोळशावर निम्मेही उगवले नाहीत, तर तो कोळसा पुन्हा धुवून घ्यावा.

हे काम मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेजवळ किंवा डोंगराच्या पायथ्याशी करू नये. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात पेटलेले वणवे अजून कोणी विसरलेले नाही.

संस्कार

कोळसा ओला असतानाच कुटावा आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढावा. कोरडा कुटल्यास उडणारी भुकटी फुप्फुसात जाते आणि आवारभर पसरते.

चुन्याच्या संस्कारासाठी दहा किलो कोळशाला एक किलो विझवलेला चुना किंवा दीड किलो शिंपल्यांची बारीक पूड घ्यावी. तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्यांची टरफले गोव्याच्या घरांत कधी कमी पडत नाहीत. ती भाजून कुटली की बारीक होतात. चुन्याचे पाणी कोळशावर ओतून, चांगले कालवून, गोणपाटाखाली आठवडाभर ठेवावे.

आर्सेनिक किंवा क्रोमियमसाठी लोहाचा संस्कार हिराकशीने (फेरस सल्फेट) होतो. हिराकशीत वजनाच्या पाचव्या भागाइतके लोह असते, म्हणून दहा किलो कोळशावर पाच टक्के लोह चढवायचे तर अडीच किलो हिराकस लागते. ती प्लॅस्टिकच्या पिंपात तीस लिटर पाण्यात विरघळवावी. पाणी फिकट हिरवे दिसते. त्यात कोळसा एक दिवस भिजत ठेवून अधूनमधून लाकडी दांड्याने ढवळावा. दुसऱ्या दिवशी 600 ते 700 ग्रॅम विझवलेला चुना पाण्यात कालवून थोडा थोडा ओतावा आणि दर वेळी सामूची पट्टी बुडवून पाहावी. हिरवट चिखलासारखा साका बनतो, आणि हवा लागताच एका तासाच्या आत त्याच्या कडा गंजाच्या रंगाच्या होऊ लागतात. सामू सातच्या आसपास स्थिरावला की थांबावे, कोळसा ताडपत्रीवर पसरून रोज परतत तीन-चार दिवस वाळवावा आणि मग एकदा पाण्याने धुवावा. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि धुवणाचे पाणी विहिरीकडे किंवा ओहोळाकडे जाता कामा नये.

शिशासाठी फॉस्फेटचा संस्कार भाजण्यापूर्वी करणे सोयीचे: कच्च्या मालाच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका हाडांचा चुरा त्यात मिसळून एकत्रच कोळसा करावा. आर्सेनिक असलेल्या जागी हा संस्कार करू नये.

किती लागेल, याचा हिशेब

पंधरा सेंटिमीटर खोलीची एक चौरस मीटर माती साधारण 195 किलो भरते. म्हणजे एक टक्का बायोचार म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ दोन किलो. 400 चौरस मीटरच्या तुकड्यात दोन टक्के घालायचे ठरवले, तर दीड टनाहून अधिक कोळसा आणि त्यासाठी साडेचार ते पाच टन तूस लागेल. हा आकडा कागदावर मांडला की उत्साह जागेवर येतो. पण तपासणीत दूषितपणा पाणी शिरण्याच्या 40 चौरस मीटरच्या कोपऱ्यातच एकवटलेला आढळला, तर सुमारे 160 किलो कोळशात काम भागते. तीन नमुने वेगळे घेण्याचा खर्च इथे वसूल होतो.

प्रमाण कुंडीत ठरवावे. पाच किलो मातीच्या कुंड्यांत 50, 100 आणि 200 ग्रॅम बायोचार, एक कुंडी काहीही न घातलेली, आणि चुन्याच्या संस्काराची चाचणी असेल तर एक कुंडी फक्त दहा ग्रॅम चुन्याची, प्रत्येकी तीन-तीन. महिनाभर ओलसर ठेवून सामू आणि उपलब्ध धातू मोजावा. 200 ग्रॅमच्या कुंडीत रोपे पिवळी पडली तर नवल नाही. सामू फार चढला की जस्त आणि लोह पिकाला मिळेनासे होते. सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान ठेवणारे सर्वांत कमी प्रमाण निवडावे.

शेतात घालणे

माझी स्वतःची पहिली चाचणी अशी गेली: जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कोरडा कोळसा नांगरटीवर नुसता पसरला. रात्री पाऊस कोसळला आणि सकाळी शेजाऱ्याच्या शेतात काळा तवंग तरंगत होता. ते भले गृहस्थ हसले, पण माझा अर्धा कोळसा मांडवीच्या वाटेला लागला होता. तेव्हापासून कोळसा दोन दिवस पाण्यात भिजवून, तितक्याच शेणखतात मिसळून, एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला माती किंचित ओलसर असताना घालतो. वायंगणासाठी (हिवाळी भात) हेच काम सरद (पावसाळी) पीक कापल्यावर करता येते. टाकल्याबरोबर दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल मिसळावा, मेर बंद करावी आणि पेरणीपूर्वी तीन ते चार आठवडे माती मुरू द्यावी.

कुळागरात मुळे वर असतात, त्यामुळे नांगरट नको. आळ्याच्या बाहेरच्या कडेला खुरपून कोळसा-कंपोस्ट वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये मिसळावे आणि सुपारीच्या झावळ्यांनी झाकावे.

पाणी, पीक आणि पुढची तपासणी

भाताच्या शेतात पाणी हाही एक उपचार आहे, पण तो दोन्ही बाजूंनी कापतो. शेत सतत भरलेले ठेवले तर कॅडमियम दबते, पण आर्सेनिक, लोह आणि मँगनीज सुटतात. मधून मधून पाणी काढले तर उलट. खाणीच्या गाळाच्या शेतात फुटवे येण्याच्या काळात एकदा आठवडाभर पाणी काढून टाकण्याचा उपयोग होतो. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: खारे पाणी शिरले की त्यातला क्लोराइड कॅडमियमशी संयुग बनवून त्याला पुन्हा फिरते करतो. मानस (भरतीचे पाणी अडवणारे दार) बिघडली किंवा बांध फुटला, तर त्या हंगामातली आधीची सगळी मोजणी रद्द समजावी.

तांबडी भाजी, पालक, मुळ्याचा पाला या पालेभाज्या धातू सर्वाधिक ओढतात, म्हणून दुरुस्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या त्या तुकड्यात लावू नयेत, घरच्यापुरत्याही नाहीत. भात घेतल्यास दाण्याची तपासणी करावी. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानके) मर्यादा कॅडमियमला दर किलोला 0.4 मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिकला 0.2 मिलिग्रॅम आहे. मर्यादेवर निघालेल्या भाताचा पेंढा गुरांना घालू नये आणि शेतात गाडूही नये, कारण तो गाडला की धातू परत तिथेच येतो.

बायोचार घातल्यावर एक महिन्याने, पहिल्या कापणीनंतर आणि पुढे दर वर्षी मे महिन्यात, त्याच जागी, त्याच खोलीवर, त्याच पद्धतीने नमुना घ्यावा. तीन हजार मिलिमीटरच्या पावसात चुन्याचा अंश हळूहळू झिजतो, युरियासारखी खते सामू खाली ओढतात, आणि सामू साडेपाचच्या खाली गेला की कार्बोनेटच्या रूपात बसलेला धातू पुन्हा विरघळू लागतो. अशा वेळी नव्याने कोळसा करत बसण्याची गरज नसते. कोळसा मातीत शाबूत असतो, फक्त चौरस मीटरला शे-दीडशे ग्रॅम शिंपल्यांची पूड घालून सामू वर आणावा आणि महिन्याने पट्टी पुन्हा बुडवून पाहावी.